सुभेदारांची आडवी गाडी

दारात गाडी येऊन थांबली की सुभेदार आधी तिच्या चाकांकडे बघत, मग जनावराकडे, आणि वेळ उरलाच तर आत बसलेल्या माणसाकडे. मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले ती टांग्यातून. सोबत एक ट्रंक, एक वळकटी आणि आईने दिलेली पितळेची परात. साताऱ्याला मुलींच्या शाळेत नोकरी लागली होती, वाईचं घर सोडून प्रथमच एकटी राहणार होते, आणि गावाच्या कडेला एका पेन्शनर सुभेदाराची पुढची खोली रिकामी आहे असं कळलं होतं. मी उतरून नमस्कार केला. तो हवेतच राहिला. पांढऱ्या मिशांचा एक उंच म्हातारा टांग्याच्या चाकापाशी उकिडवा बसून टांगेवाल्याची हजेरी घेत होता.

"ह्ये चाक कवापास्नं डुलतंय रं?"

"डुलतंय व्हय? मला तर काय जानवलं न्हाई, सुभेदार."

"तुला काय जानवनार? तू वर बसतूस."

मग उठून माझ्याकडे वळले. "तुमी मास्तरीणबाई न्हवं? खोली झाडून ठिवलीया. पर ह्या टांग्यात पुन्यांदा बसू नका." भाडं किती, पाणी कुठून भरायचं, दार किती वाजता लागतं, यातलं काही नाही. माणूस विक्षिप्त आहे, असं मी मनात म्हटलं. होतेच ते विक्षिप्त.

सगळे त्यांना तात्या म्हणत, महिन्याभरात मीही म्हणायला लागले. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात होते, बसऱ्याकडे. वाळूत रुतलेल्या तोफा काढण्यात उमेद गेली, असं सांगत. पलटणीतून त्यांनी आणलेलं म्हणजे ताठ पाठ, सकाळी चारचा चहा आणि काही शब्द. कोंबड्यांना दाणे टाकताना ते "फालीन!" असं ओरडत आणि कोंबड्या खरोखर ओळीने यायच्या. माझ्या वर्गातल्या मुली इतक्या लवकर कधी रांगेत आल्या नाहीत.

त्यांची एक खोड मात्र सांगायलाच हवी. आपल्या डोक्यात जे चाललं आहे ते साऱ्या जगाला ठाऊकच आहे, असं धरून ते बोलायचे. मागचं नाही, पुढचं नाही, मधलंच एखादं वाक्य समोरच्याच्या अंगावर टाकून मोकळे. एकदा सकाळी मी वेणी घालत होते, तर दारात येऊन म्हणाले, "सव्वा इंच तर पायजेच पायजे," आणि निघून गेले. काय सव्वा इंच, ते मला संध्याकाळपर्यंत कळलं नाही. मी हसायचे. त्या खोडीपायी पुढे काय घडणार आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं!

दुसरी मोठी लढाई तेव्हा नुकती संपली होती. तात्यांचा एकुलता एक मुलगा सखाराम ब्रह्मदेशातून परत आला होता. डावा पाय मांडीपासून कापलेला. त्याहून वाईट म्हणजे कमरेत गोळ्याचा एक तुकडा राहिलेला, आणि तो काढायचं धाडस लष्करी डॉक्टरांनी केलं नव्हतं. त्याला ताठ बसता येत नसे. पाठीला तक्क्या घेऊन रेललं आणि पाय समोर पसरला, की कळ थांबायची. कुबड्या मिळाल्या होत्या, पण त्यांवर भार दिला की कमरेतून जीव जायचा, म्हणून त्या दाराआड उभ्या. दिवसभर सखा सोप्यातल्या बाजेवर आढ्याकडे बघत पडलेला असे. पंचविशीचा, देखणा, उंचीला थेट बापावर गेलेला पोरगा. शाळेतून आल्यावर त्याच्यासमोरून माझ्या खोलीत जायलाही मला जड वाटायचं.

त्याची बायको हौसा बाळंतपणाला शिराळ्याकडे माहेरी गेली होती. मुलगी झाली, ती चालायला लागली, बोलायला लागली, तरी हौसा आली नव्हती. सखाने अजून आपली लेक पाहिली नव्हती. हौसाच्या बापाने निरोप पाठवला होता की जावई उभा राहील तेव्हा पोरीला पाठवू. तात्यांनी त्या व्याह्याला ज्या शिव्या दिल्या त्या मी इथे लिहीत नाही. पण सखा एवढंच म्हणाला होता, "बरूबर हाय त्येंचं. कुनी आनाय जायाचं न्हाई. मी माझ्या बळावर तिच्या दारात जाईन, तवाच ती ह्या घरात यील." आणि भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

हे सगळं तात्यांनी मला विळ्याला धार लावता लावता सांगितलं. मग विळा बाजूला ठेवून म्हणाले, "त्येला बाजंवर रेलून बसता येतंय न्हवं? मग बाजंलाच चाकं लावू की."

गाडीचा जन्म हा असा झाला. पोवई नाक्यावर सायकलचं दुकान असलेल्या इस्माईलभाईंनी नळ्या जोडून जमिनीलगतचा सांगाडा केला. त्यावर आरामखुर्चीसारखी कापडी बैठक, दोन चाकं पुढे, एक मागे, आणि पायडल पार पुढच्या टोकाला, सखाचा उजवा पाय पोचेल तिथे; डावीकडचं पायडल रिकामंच फिरायचं. पाऊल पट्ट्याने पायडलला बांधायचं, म्हणजे एकाच पायाने ढकलता येईल आणि ओढताही येईल. तिथून बैठकीखालून लांबलचक साखळी मागच्या चाकाला. चाकं मात्र तात्यांनी स्वतः निवडली. आयुष्य तोफांच्या आणि बैलगाड्यांच्या चाकांत गेलेलं. चाक मोठं तेवढं मजबूत, यात त्यांना शंकाच नव्हती. दुकानातली सगळ्यांत मोठी सायकलची चाकं त्यांनी उचलून आणली.

अंगणात पहिल्यांदा गाडी निघाली तेव्हा सखा हसला. मी त्याला हसताना त्याआधी पाहिलंच नव्हतं. फाटकापर्यंत सरळ गेला आणि जोरात वळला. पुढचं एक चाक पत्रावळीच्या द्रोणासारखं दुमडलं, गाडी कलंडली, आणि सखा नेमका दुखऱ्या अंगावर पडला. त्याची ती किंकाळी शेजारच्या आळीत ऐकू गेली. पुढे कितीतरी दिवस तो कुशीवर वळूही शकत नव्हता. "ऱ्हाऊ द्या आता, तात्या," एवढंच म्हणाला.

तात्या घरात ठरेनात. सकाळी निघायचे आणि पोवई नाक्यावर वळणाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या सायकलवाल्यांकडे टक लावून बघायचे. म्हाताऱ्याला पोराच्या दुःखाने भ्रम झाला, असं लोक बोलू लागले. आठवड्याभराने मी शाळेतून येत होते, तर भर रस्त्यात मला अडवून म्हणाले, "कलत्यात!"

"कोण कलतं, तात्या?"

"सायकलवाले वो! वळताना समदे आत कलत्यात. कललं की वझं सरळ चाकातनं खाली जातंय. तीन चाकांची गाडी कलल कशी? ती बसलीया तशीच वळती. मग वझं बाजूनं येतंय. सायकलचं चाक वरनं दाबायला केल्यालं, बाजूनं दाबलं की संपलं."

त्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या खोलीत आले, विचारल्याशिवाय माझी परात घेतली, भिंतीला उभी टेकवून तिच्या मध्यावर गुडघा दाबला. परातीला हा एवढा पोचा आला. मी ओरडले. त्यांचं लक्षच नव्हतं. मग दुधाच्या पातेल्यावरचं लहान झाकण घेऊन त्याला तसाच गुडघा लावला. झाकण हललं नाही. "बगा," ते म्हणाले, "बारकं वाकत न्हाई." वाईची माझी परात! तांबटाकडून ठोकून आणली त्यांनी, पण पोचा गेला नाही. मला राग यायचा तो आला, पण त्या पोच्यामुळे बाजेवरचा सखा कोपरावर उठून बघत होता, हेही मी पाहिलं.

पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यांनी माल वाहायच्या सायकलींची पुढची दोन चाकं आणली. लहान, बुटकी, जाड तारांची. तीही तपासून. प्रत्येक तार बोटाने वाजवली आणि ज्या चाकाची एकही तार बद्द बोलली ते परत केलं, असं इस्माईलभाई कौतुकाने सांगत. आता चाकं टिकली. वाकला तो आस.

आस म्हणजे चाक ज्याच्यावर फिरतं तो दांडा. आमच्याकडे बैलगाडीच्यालाही आसच म्हणतात. सायकलचा आस दोन्ही टोकांना धरलेला असतो. या गाडीत पुढची चाकं एकाच बाजूने धरलेली, म्हणून तो बोटाएवढा आस बाहेरच्या बाजूने वाकला. तात्यांनी मला समजावलं ते माझ्या भाषेत, म्हणजे पाण्याच्या. दोघींनी मधे काठी धरून घागर नेली तर बारीक काठी पुरते, पण एकटीने काठी पुढे करून टोकाला घागर अडकवायची म्हटलं तर काठी मनगटाएवढी हवी. सकाळच्या त्या सव्वा इंचाचा, म्हणजे आसाच्या जाडीचा, उलगडा मला तेव्हा झाला.

तर तात्यांनी दोन्ही चाकांचे आस सोडले, म्हणजे खोलून काढले, आणि त्यांतला एक पंच्यात गुंडाळून बाजारात गेले. तसा जाड आस कातून देणारा माणूस सांगलीला होता, त्याची चौकशी करायला. तिथे त्यांना शिराळ्याकडचा एक गुळाचा दलाल भेटला. हौसाच्या गावचा. त्याने सहज विचारलं, "काय सुभेदार, सखारामाचं कसं काय?"

तात्यांच्या डोक्यात त्या वेळी जगात दुसरं काही नव्हतं. ते म्हणाले, "काय सांगायचं गड्या. आस सोडलाय. आता सांगलीला न्हेतो, तितं कापून काय हुतंय का बगू."

 दलालाने तात्यांच्या पाठीवर हात ठेवला म्हणे. तात्यांना वाटलं, माणसाला सायकलीची कळकळ दिसते.

मी मराठी शिकवणारी बाई. काना आणि वेलांटी यांवरून मी मुलींच्या वह्या लाल करत असे. पण एका कान्याची वेलांटी झाली तर काय होतं, ते मी त्या आठवड्यात पाहिलं. दांडा सोडला तर आस सोडला. माणसाने आशा टाकली तर आस सोडली. गुळाच्या गाडीबरोबर तो निरोप तीन तोंडांतून फिरत शिराळ्याकडे पोचला तेव्हा कान्याची वेलांटी झालेली होती. सुभेदारांनी आस सोडलीया, सखारामाला सांगलीला न्हेऊन कापाकापी करनार हायती.

चार दिवसांनी दुपारी फाटक वाजलं. कडेवर मुलगी, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, चेहरा काळाठिक्कर पडलेला, अशी एक तरुण बाई आत आली. बापाला न सांगता निघाली होती. सोप्याच्या पायरीशी येऊन थबकली. बाजेवर सखा रेलून बसला होता. मांडीवर चाक, हाताला काळं तेल, तोंडात साखळीची खीळ.

"आवं," हौसा म्हणाली, "आस सोडली म्हनं तुमी समद्यांनी!"

आतून तात्या धावत आले. "सोडली न्हाई गं! सोडला, सोडला! ह्यो बग!" आणि त्यांनी चाकातलं रिकामं भोक तिच्या डोळ्यांसमोर धरलं.

ती पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता कधी रडू लागली ते कळलं नाही. सखा तिच्याकडे बघत नव्हता. तो मुलीकडे बघत होता, आणि मुलगी आईच्या पदराआडून त्याच्याकडे. मी आत जाऊन उगाचच चहाचं आधण ठेवलं.

इथेच गोष्ट गोड व्हायची तर झाली असती. हौसा दहाएक दिवस राहिली. घरात बांगड्यांचा आवाज आला. लेक बापाच्या पोटावर बसून त्याच्या मिशा ओढू लागली. आणि मग एका सकाळी सखाने हौसाला सांगितलं, "तू माघारी जा."

तिला आधी कळलंच नाही.

"तुजा बा काय म्हनलावता? उभा ऱ्हाईल तवा पाठवू. उभा तर मी ऱ्हात न्हाई. पर दारात येतो, आन तुला न्हेतो. पंचीम म्हायेरात कर. पंचीम झाली की मी न्यायला येतो."

मी भडकलेच. तात्यांना मागच्या अंगणात गाठून म्हटलं, "अहो, सून आपल्या पायांनी घरी आली आहे. तिला परत पाठवायची? तुम्ही वडील आहात की कोण? सांगा त्याला काही."

तात्यांनी विहिरीच्या रहाटाला तेल घातलं. मग म्हणाले, "ती मरनाऱ्याला बगाय आलीती, मास्तरीणबाई. त्येला वाटतंय, एकदा जित्याच्या मागनं यावी."

 हौसाला बहुतेक हे आमच्याआधी कळलं होतं. तिने भांडण केलं नाही. मुलीच्या गालावर तीट लावली, सखाला म्हणाली, "म्हनलाय तर या," आणि गेली.

आस सांगलीला झाला. एका मोडक्या चरकाचा, म्हणजे उसाचा रस काढायच्या यंत्राचा, जुना पोलादी दांडा तात्यांनी मिळवला आणि स्वतः खांद्यावर टाकून आगगाडीने सांगलीला नेला. कातणारा म्हणाला, "सुभेदार, ह्येच्यावर काय तोफ ठेवनार हाय काय?" तात्या म्हणाले, "न्हाई. पोरगं ठिवनार हाय." दोन दिवस त्याच्या दाराशी बसून त्यांनी ते काम करून घेतलं आणि परत आले ते लग्नाचा बस्ता आणावा तशा थाटात.

गाडी आता खरी गाडी झाली. सखा नाक्यापर्यंत जाऊन येऊ लागला, मग अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या खडबडीत रस्त्यावरून. बापलेक बेत करत. मालट्रकवर घालून पेठ गावापर्यंत, आणि तिथून शिराळ्याच्या रस्त्याला सखाने स्वतःच्या पायाने. तात्या वळणावर उभे राहून ओरडायचे, "दाब! बाजूनं दाब!" सखा मुद्दाम जोरात वळायचा. चाक हलत नसे, आस हलत नसे. त्या दिवसांत तात्या मला दोनदा "कशा हायसा?" असं विचारून गेले. हे त्यांनी कधी कोणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

श्रावण लागला आणि सखाला ताप भरला. दोन दिवस आम्ही पावसाचा ताप समजलो. डॉक्टर म्हणाले, कमरेतला तुकडा सरकला असावा, आत पू झाला आहे. पंचमीला घराघरांत लाह्या आणि दूध होतं, आमच्या घरात चूल पेटली ती काढ्यापुरती. दुसऱ्या दिवशी दुपारी सखा गेला. गाडी सोप्यात तयार उभी होती, आदल्या आठवड्यात त्यानेच साखळीला तेल घातलं होतं.

तात्या रडले नाहीत. मला वाटायचं, आता रडतील. खांदा दिला, अग्नी दिला, येऊन ओट्यावर ताठ बसले. शेजारी म्हणाले, कोणाला तरी पाठवून सुनेला निरोप द्यायला हवा.

"सांगावा न्हाई धाडायचा," तात्या म्हणाले.

"आवं तात्या, असं कसं? नवरा गेलाय तिचा."

"सांगाव्यात शबूद बदलतुया. मागं बगितलं न्हवं? आन त्यो म्हनलावता, न्यायला येतो म्हून. न्यायलाच जायाचं. त्येच्या गाडीतनं जायाचं."

राख सावडली आणि त्याच दिवशी ते निघाले. सुतकात माणूस घराबाहेर पडतो, म्हाताऱ्याने ताळतंत्र सोडलं, असं भावकी बोलत होती. बैठक हलवायलाही लागली नाही, दोघांची उंची सारखीच. मी म्हटलं, "तात्या, मी येते बरोबर." ते म्हणाले, "तुमची शाळा हाय." नाक्यावर मालट्रक उभा होता. वर गुळाच्या रिकाम्या डबड्यांत गाडी बांधली होती आणि तिच्या शेजारी, एका हाताने चाक धरून, तात्या भिजत बसले होते. ट्रक हलला तेव्हा मी हात वर केला. त्यांनी पाहिला नाही.

चौथ्या दिवशी ते सून आणि नात घेऊन परत आले. तिकडे काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पुढे माझी बदली झाली, मी सांगलीला गेले. निघायच्या आदल्या दिवशी हौसा माझ्या खोलीत भांडी बांधायला मदत करत होती, तेव्हा तिने आपण होऊन सांगितलं.

पंचमी झाल्यापासून ती रोज काही ना काही निमित्त काढून गावाबाहेरच्या रस्त्यावर येत होती. त्या दिवशी भुरभुर पाऊस होता. लांब वळणावर काहीतरी बुटकं, जमिनीलगत येताना दिसलं. बैलगाडी नव्हे, सायकल नव्हे. तिने ओळखलं. मुलीला कडेवर घेतलं आणि चिखलातून पळत सुटली, "तुजा बा आला, तुजा बा आला" करत. त्या गाडीत माणूस मागे रेललेला असतो, त्यामुळे समोरून तोंड दिसत नाही, आधी पावलं दिसतात. जवळ आल्यावर तिला पायडलवर फिरणारी पावलं दिसली.

"दोन हुती, बाई," हौसा म्हणाली.

तात्यांनी गाडी थांबवली तेव्हा ती रस्त्यातच खाली बसली होती. तात्या कसेबसे उतरले आणि तिच्याजवळ चिखलात बसले. "ह्ये माझ्या ध्यानातच आलं न्हाई गं, पोरी," असं म्हणाले, आणि तिथे पहिल्यांदा रडले. मुलीला भूक लागेपर्यंत दोघांतलं कोणी उठलं नाही.